वस्तीवरील कुत्र्यास हांकेवर येण्याचें शिक्षण

मळ्यांत वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास कुत्र्यावांचून चालत नाहीं. पिकांत शिरणारीं रानडुकरें, अपरात्रीं येणारा परका इसम, गोठ्याभोंवतीं घोटाळणारें तरस, या सर्वांची पहिली वर्दी तोच देतो. परंतु हाच कुत्रा शेजाऱ्याच्या शेळ्यांमागें धांवूं लागला, पाहुण्यांच्या अंगावर उड्या घेऊं लागला व हांक मारली असतां ढुंकूनही पाहीनासा झाला, म्हणजे घरांत दोनच उपाय सुचतात. एक, त्यास दिवसभर साखळीनें जखडणें. दुसरा, गाडींत घालून दूरच्या गांवीं सोडून येणें. पहिल्यानें कुत्रा अधिक चिडखोर होतो आणि दुसऱ्यानें आपलें संकट दुसऱ्याच्या दारीं जातें.

आमच्याच वस्तीवरील गोष्ट सांगतों. आमचा दोन वर्षांचा कुत्रा एके दिवशीं शेजाऱ्याच्या शेळ्यांमागें लागला व त्या गडबडींत एक गाभण शेळी बांधावरून पडून गाभडली. भरपाई आम्हीं दिली. पण पुन्हां हा शेळ्यांत दिसला तर विष घालीन, असें शेजाऱ्यानें बजावलें, आणि त्याचा राग अनाठायीं होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्या दिवशीं आम्ही अर्धा तास हांका मारीत होतों. अखेरीस कुत्रा शेंपूट पायांत घालून जवळ आला, तेव्हां आम्हीं त्यास काठीनें बडविलें. दुसऱ्या दिवसापासून तो वीस पावलांच्या आंत येईना.

चूक कोणाची, हें आम्हांस मागाहून उमगलें. कुत्रा लागोपाठ घडणाऱ्या दोन गोष्टींचा सांधा जोडतो. अर्ध्या तासामागील अपराध व आतांची काठी यांचा जोडीत नाहीं. त्याच्या लेखीं मार बसला तो शेळ्यांमागें धांवल्याबद्दल नव्हे, हांकेवर आल्याबद्दल! पचनक्रियेवरील संशोधनासाठीं १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या तोंडास, अन्न आणणाऱ्या माणसाच्या नुसत्या चाहुलीनें पाणी सुटे. आपल्या घरीं भाकरीच्या टोपल्याचा आवाज होतांच कुत्रा ओसरीशीं हजर होतो, तो याच नियमानें. मग हांक ऐकूनही त्यानें तसेंच धांवत यावें, एवढीच तजवीज करावयाची असते.

नव्या खोंडास आपण पहिल्याच दिवशीं भरल्या गाडीस जुंपीत नाहीं. शहाण्या बैलाच्या जोडीस धरून आधीं रिकामा ओंडका ओढावयास लावतों. कुत्र्याच्या बाबतींत मात्र हा विचार आपण विसरतों. प्रथम अंगणांत, जेथें दुसरें जनावर नाहीं अशा जागीं, खाणें घालण्यापूर्वीं त्यास घ्यावें. भाकरीचे लहान तुकडे हातीं ठेवावे. भाकरीस भुलत नसेल तर उकडलेलें अंडें किंवा थोडें मटण. दोन पावलांवरून "ये" असें एकदांच म्हणावें व जवळ येतांच तत्क्षणीं तुकडा द्यावा. तुकडा देण्यास उशीर झाला तर धडा वायां जातो. पांच मिनिटें, सकाळीं व संध्याकाळीं, याहून अधिक नको. शब्द घरांतील सर्वांचा एकच असावा. मालक "ये" म्हणतो, मुलें "यू यू" करतात व गडी शीळ घालतो, अशा घरचा कुत्रा कोणाचेंच ऐकत नाहीं.

अंगणांत तो न चुकतां येऊं लागला म्हणजे गळ्यांतील पट्ट्यास पंधरा-वीस हातांचा कासरा बांधून शेतांत न्यावें. येथें एक पथ्य कडकपणें पाळावें: जेव्हां तो येणार नाहीं अशी खात्री आहे व हातीं दोरीही नाहीं, तेव्हां हांक मारूंच नये. वायां गेलेली प्रत्येक हांक त्यास न येण्याचा धडा देते. तसेंच, बांधून घालण्यासाठीं किंवा रागें भरण्यासाठीं कधींही बोलावूं नये. तशी गरज पडल्यास आपणच चालत जावें.

"बस" शिकविणें सोपें आहे. तुकडा नाकासमोर धरून डोक्यावरून मागें नेला कीं मान वर जाते व बूड आपोआप टेकतें; टेकतांच तुकडा द्यावा. अंगावर उड्या मारणाऱ्यास हेंच औषध. उडी घेतांच पाठ फिरवावी, बोलूं नये, ढकलूंही नये. चारही पाय जमिनीवर आल्यावर लाड करावे. अडचण कुत्र्याची नसते, पाहुण्यांची असते. ते त्यास उडीबद्दलच कुरवाळतात.

शेळ्यांचा धडा सर्वांत शेवटीं. कळप इतक्या अंतरावर असावा कीं कुत्रा तो पाहील, पण ओढ घेणार नाहीं. कळपावरून नजर काढून त्यानें आपल्याकडे पाहिलें कीं तुकडा. मग दिवसागणिक थोडें थोडें जवळ जावें. ओढूं लागला तर आपण घाई केली असें समजून मागें सरावें. मुधोळ किंवा कारवान जातीचे कुत्रे नजरेनें शिकार हेरून धांवणारे. त्यांना पळतें जनावर दिसलें कीं राहवत नाहीं. अशांस कासरा अधिक काळ लागतो, व त्यांच्यावर रागावून उपयोग नाहीं. उलट धनगराचीं पिल्लें मेंढरांतच वाढतात, म्हणून मेंढरूं त्यांना परकें वाटत नाहीं. नवें पिल्लूं आणणाऱ्यानें हें ध्यानीं घ्यावें.

साखळीविषयीं एक शब्द. थोडा वेळ बांधणें वेगळें, अष्टौप्रहर बांधणें वेगळें. जुन्नरसारख्या बिबट्यांच्या मुलखांत तर रात्रीं उघड्यावर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यास वाढलेलें ताटच. तेथें त्यास बंदिस्त जागा द्यावी.

एक सावधगिरीची सूचना. शांत कुत्रा एकाएकीं चावरा झाला तर शिक्षणाच्या मागें लागूं नये. कानांतील गोचीड, जखम किंवा दुखणें असूं शकतें, पशुवैद्यास दाखवावें. स्वभाव पालटून लाळ गळूं लागली, गिळतां येईना, आवाज घोगरा झाला, तर पिसाळल्याचा संशय धरून दूर राहावें व पशुवैद्यास तात्काळ कळवावें. कोणत्याही कुत्र्याचा दांत लागल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. चुना, मिरची कांहीं लावूं नये. आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. या रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी वांचणें जवळजवळ अशक्य असतें. कुत्र्यासही तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पहिली लस टोंचून पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें दर वर्षीं टोंचावी.

आमच्या कुत्र्यास हांकेवर येण्यास दीड महिना लागला व शेळ्यांजवळून मुकाट्यानें जाण्यास आणखी तीन. शेजाऱ्याचा कळप आतां रोज आमच्या बांधावरून जातो. करडें विण्याच्या दिवसांत मात्र आम्ही त्यास कासऱ्याशिवाय बाहेर काढीत नाहीं.