मशीन आहे, पण चालू आहे का?

गेल्या महिन्यातली गोष्ट. आजीची पोटाची सोनोग्राफी करायची होती, म्हणून लेक्चर बंक करून मी तिला नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. ती सकाळपासून उपाशी. नंबर लावला, दीड तास बसलो आणि मग काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं, "मशीन बंद पडलंय." उद्या होईल का? "कंपनीत कॉल टाकलाय. इंजिनिअर आला की कळवतो."

परत येताना रिक्षात आजी म्हणाली, "अगं, एवढं मोठं हॉस्पिटल. मशीन दुरुस्त करणारा माणूस यांच्या घरचा नको का?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर येत नव्हतं. डॉक्टर माहितीयेत, नर्स माहितीयेत, पण मशीनचा डॉक्टर कोण? ते शोधायला लागले आणि एक वेगळीच दुनिया सापडली.

कॉल जातो कुठे?

माझा मावसभाऊ बायोमेडिकल इंजिनिअर आहे. घरात कुणाचा मिक्सर बिघडला की सगळे त्यालाच फोन करतात. तो हॉस्पिटलमध्ये नेमकं काय करतो, हे मीसुद्धा पहिल्यांदाच विचारलं.

त्याच्याकडून कळलं ते असं. मोठ्या हॉस्पिटलमध्ये स्वतःचा बायोमेडिकल विभाग असतो. मॉनिटर, इन्फ्युजन पंप, ईसीजी अशी रोजची मशीन्स तो सांभाळतो. एमआरआय, सीटी स्कॅनसारख्या महागड्या मशीन्ससाठी बहुतेकदा बनवणाऱ्या कंपनीचाच सर्व्हिस इंजिनिअर लागतो. तिसरा पर्याय म्हणजे वेगवेगळ्या ब्रँडची मशीन्स दुरुस्त करणाऱ्या स्वतंत्र एजन्सी.

वॉरंटी संपली की खरा हिशेब सुरू होतो. घरच्या एसीसारखंच इथेही एएमसी असतं. त्यात इंजिनिअरच्या फेऱ्या आणि मजुरी येते, पार्टचे पैसे वेगळे. सीएमसी घेतलं तर बहुतेक पार्टही त्यातच, पण त्याची फी जास्त. मोठ्या मशीनचा एकेक पार्ट लाखांत जातो. म्हणजे हॉस्पिटलचा खर्च मशीन विकत घेतलं की संपत नाही, आणि कंपनीची कमाईही मशीन विकलं की थांबत नाही. जगभर या सर्व्हिसच्या धंद्याचं गणित असंच चालतं.

खारघरचं ते बटण

हे सगळं वाचताना एक घटना सापडली आणि मी अडकलेच. कारण ती आपल्या खारघरची आहे.

नोव्हेंबर २०१४. टाटा मेमोरियल सेंटरचं कॅन्सर संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक. एका पेशंटसाठी ऑक्सिजन हवा होता, म्हणून वॉर्डबॉय सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. एमआरआयचं मॅग्नेट स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. लोखंडी सिलिंडर सुसाट मशीनकडे ओढला गेला. त्याच्यासोबत वॉर्डबॉय आणि तिथला टेक्निशियन असे दोघंही मशीनला चिकटून अडकले. एकदोन मिनिटं नाही, जवळपास चार तास!

अशा वेळेसाठी एमआरआयला एक इमर्जन्सी बटण असतं. ते दाबलं की मॅग्नेट थंड ठेवणारा द्रवरूप हेलियम वायू होऊन बाहेर पडतो आणि चुंबकशक्ती संपते. तिथे ते बटण होतं, पण ते चाललंच नाही. शेवटी कंपनीच्या इंजिनिअरनं येऊन मॅग्नेट बंद केलं, तेव्हा दोघं सुटले. दोघांनाही गंभीर दुखापत झाली होती.

मशीन जीई कंपनीचं होतं. २०१५ च्या सुरुवातीला जीईनं जगभरातल्या आपल्या एमआरआय ग्राहकांना कळवलं की तुमचं इमर्जन्सी बटण मॅग्नेटला खरंच जोडलेलं आहे का, ते तपासून घ्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, या रिकॉलला 'क्लास वन' ठरवलं. ही सगळ्यात गंभीर पायरी. त्यात सुमारे १३ हजार मशीन्स आली.

विचार करा. भिंतीवर लाल बटण दिसतंय आणि सगळ्यांना वाटतंय की आपण सेफ आहोत. ते खरंच चालतं का, हे तपासणं हे कुणाचं तरी काम असतं. मेंटेनन्स म्हणजे फक्त बिघडलेलं दुरुस्त करणं नाही. जे कधीच वापरावं लागू नये असं वाटतं, तेही वेळच्या वेळी तपासून ठेवणं म्हणजे मेंटेनन्स.

आणि आत काय न्यायचं नाही, हे सगळ्या स्टाफला शिकवणं हाही त्याचाच भाग. कारण पुढे जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये पुन्हा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत गेला आणि एका पेशंटच्या ३२ वर्षांच्या नातेवाइकाचा जीव गेला.

१८ दिवस आणि ७३ दिवस

सरकारी हॉस्पिटलमध्ये काय परिस्थिती असते? केंद्रानं राष्ट्रीय आरोग्य अभियानात सगळ्या उपकरणांची मोजणी केली. २९ हजारांहून जास्त सरकारी आरोग्य केंद्रांत साडेसात लाखांच्या वर उपकरणं निघाली. त्यातली बंद किती? राज्यानुसार १३ ते ३४ टक्के. म्हणजे काही राज्यांत दर तीनपैकी एक मशीन नुसतंच जागा अडवून उभं!

यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये बायोमेडिकल उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आला. काम खासगी कंपन्यांना द्यायचं, तक्रारीसाठी टोल फ्री नंबर, आणि मशीन किती काळ चालू राहिलं पाहिजे याचं टार्गेट. जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के.

मी कॅल्क्युलेटर काढला. ९५ टक्के म्हणजे वर्षात साधारण १८ दिवस मशीन बंद राहिलं तरी टार्गेट पूर्ण. ८० टक्के म्हणजे ७३ दिवस. शहरापासून जितकं लांब, तितके बंदचे दिवस जास्त. लांबच्या केंद्रात पोचायला इंजिनिअरला वेळ लागतो, हे कबूल. पण ज्या गावाला दुसरं हॉस्पिटलच नाही, तिथल्या आजीनं मशीन बंद असल्यावर जायचं कुठे?

कधीकधी तर मशीन बिघडलंय की वापरायला जमत नाही, यावरच भांडण होतं. कोविडमध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी मेडिकल कॉलेजला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले होते. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर माहिती आली की वापरात आणलेले ११३ सदोष आहेत आणि ३७ अजून खोक्यातच आहेत. केंद्राचं म्हणणं होतं की ते वापरणाऱ्यांना नीट चालवता येत नाहीत. कोर्टाला हे उत्तर पटलं नाही. या वादात पेशंट मात्र ताटकळत राहतो.

७२ टक्क्यांची गंमत

आता तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रॉबर्ट माल्किन यांच्या टीमनं २०१० मध्ये एक अभ्यास मांडला. ११ देशांतली ६० साधनं कमी असलेली हॉस्पिटल्स, बंद पडलेली २,५२९ उपकरणं. इंजिनिअर आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ती दुरुस्त करायला बसले. अट एकच, बाहेरून स्पेअर पार्ट मागवायचा नाही, जे आसपास मिळेल त्यावर भागवायचं.

१,८२१ मशीन्स सुरू झाली. म्हणजे ७२ टक्के!

बिघाड काय होते? इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, पॉवर सप्लाय आणि चक्क प्लंबिंग. दुरुस्त झालेल्या मशीन्सपैकी पाव भागात तर बिघाड असा नव्हताच. मशीन नीट बसवलं नव्हतं किंवा वापरणाऱ्याला शिकवलं नव्हतं. बंद पडलेल्या उपकरणांपैकी ६६ टक्के फक्त १०७ साध्या कौशल्यांवर सुरू होऊ शकतात, असा त्यांचा हिशेब निघाला. त्यासाठी पूर्ण बायोमेडिकल इंजिनिअरही असायची गरज नाही.

मग अडतं कुठे? बऱ्याचदा मॅन्युअलपाशी. सर्व्हिस मॅन्युअल आणि सॉफ्टवेअरचे पासवर्ड कंपन्या स्वतःकडे ठेवतात. चुकीच्या हातांनी उघडलं तर पेशंटला धोका, असं त्या सांगतात, आणि त्यात तथ्य आहेच. पण मे २०२० मध्ये, कोविड ऐन भरात असताना, आयफिक्सइट या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या अमेरिकी संस्थेनं स्वयंसेवकांच्या मदतीनं मेडिकल उपकरणांची १३ हजारांहून जास्त मॅन्युअल्स जमवून सगळ्यांसाठी फुकट खुली केली. कारण रात्री दोन वाजता व्हेंटिलेटर बंद पडला तर कंपनीच्या इंजिनिअरची वाट बघायला वेळ नसतो.

यात करिअर आहे का?

आहे. मुंबई विद्यापीठाच्या काही कॉलेजांत बायोमेडिकल इंजिनिअरिंगची डिग्री आहे, दहावीनंतर मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमाही करता येतो. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशनची मुलंही इकडे वळतात. दुरुस्तीशिवाय तपासणीचंही काम आहे. एक्स-रे, सीटी मशीन्सची क्वालिटी टेस्ट ठरावीक मुदतीत करावीच लागते. त्यावर लक्ष ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ तर खाडीपलीकडे अणुशक्तीनगरलाच आहे.

ग्लॅमर मात्र विसरा. दादाचा फोन जेवताना वाजतो, दिवाळीतही वाजतो. पेशंट बरा झाला की लोक डॉक्टरला पेढे देतात, मॉनिटर नीट ठेवणाऱ्याचं नावही कुणाला माहीत नसतं.

आजीचं काय झालं? तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा तो इंजिनिअर बॅग भरून निघतच होता. माझ्याच वयाचा असेल. आजीनं त्याला थांबवलं, "काय झालं होतं रे बाळा?"

"काही नाही आजी. फिल्टरमध्ये धूळ भरली होती. मशीन गरम होऊन बंद पडत होतं."

"म्हणजे पुसायचं होतं फक्त?"

तो हसला. "हो. पण ते कुणी पुसायचं, हेच ठरलेलं नव्हतं."

आजीची सोनोग्राफी पंधरा मिनिटांत झाली.