लहान न्हाणीघर आणि बुजवलेला झरोका

जुन्नर-आंबेगावकडे आता बऱ्याच घरांत 4 बाय 6 फुटांचे न्हाणीघर असते. त्यातच बादल्या, धुणे, साबणाचे डबे आणि डोक्यावर गॅस गिझर. जागा मोकळी करायची तर जमिनीवरचे सामान भिंतीवरच्या उथळ फळीवर न्यावे. भिंतींना फिकट रंग दिला की खोली मोठी भासते. फरशी मात्र खरखरीतच हवी. म्हातारे माणूस घसरले की खुब्याचे हाड मोडते. दार बाहेर उघडणारे बसवले तर आत जागा होते. डॉक्टर म्हणून मला त्याचा दुसरा उपयोग मोठा वाटतो. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते.

एक जागा मात्र सामानासाठी कधीच वापरू नये, ती झरोक्याची. थंडीत वारा येतो म्हणून लोक तिथे पुठ्ठा लावतात, नाहीतर डबे रचतात. कोंडलेल्या खोलीत गिझरचा गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. कडीपर्यंत हात पोचण्याआधीच शुद्ध हरपू शकते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी चांगला आकडा दाखवून फसवतो. म्हणून रुग्णाला आणल्यावर नुसते ‘चक्कर आली’ म्हणू नका, गिझर चालू होता हे आधी सांगा.

गिझर बाहेरच्या भिंतीवर, वळचणीखाली बसवावा. पाणी नळीने आत येते, आणि आतली भिंत फळीसाठी मोकळी होते.