कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा

उन्हाळा लागला, की आपल्या राजूर-भोकरदन भागात पत्र्याचे कूलर बाहेर निघतात. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र येण्याची घरातली ही फार धोक्याची जागा. पंपाच्या वायरचं आवरण खरवडलं, तर अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून. म्हणून तीन पिनांचाच प्लग वापरा. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही.

एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. 16 अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. शरीरातून 100 मिलिअँपिअर करंट गेला तरी जीव जाऊ शकतो. माणूस वाचवायला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवं. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये फरक पडला, की ते क्षणात पुरवठा तोडतं. घरात एकच खर्च करायचा असेल, तर आधी हा करा.

कुणाला शॉक बसत असेल तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा. कपडे वाळत घालायला तार नको, नायलॉनची दोरी बांधा. रस्त्यावर वीजवाहिनी तुटलेली दिसली तर लांब राहून महावितरणला 1912 वर कळवा. आणि कूलर सुरू करण्याआधी चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्याच.