दहाव्या पावलावरचा शब्द

श्टुटगार्टजवळच्या आमच्या जुन्या श्वान-प्रशिक्षणाच्या मैदानाचं फाटक गेल्या मार्चमध्ये कायमचं बंद झालं. जागेचा करार संपला होता आणि तो पुढे चालवायला पुरेसे सभासद उरले नव्हते. एका मैत्रिणीनं कुलपाचा फोटो पाठवला. त्याच संध्याकाळी इथे कोथरूडला, आमच्या सोसायटीच्या बागेत एका मुलानं मला त्याचा जर्मन शेफर्ड दाखवला. चालता चालता मुलाचा बिस्किटाचा हात खाली गेला, कुत्रा आडवा झाला; मुलगा दोन पावलं पुढे गेला आणि कुत्रा उठून हाताच्या मागे निघाला. “पंधरा दिवसांत शिकवलं, काकू,” तो म्हणाला. त्याला काही बोलले नाही. रात्री मात्र झोप लागेना, कारण या एका गोष्टीसाठी मी आयुष्यातली दहा वर्षं दिली आहेत.

गोष्ट सांगायला सोपी आहे. कुत्रा तुमच्या डाव्या गुडघ्याला लागून चालतो. दहा-पंधरा पावलांनंतर तुम्ही एकच शब्द उच्चारता: ‘झिट्स’ म्हणजे बैस, ‘प्लाट्स’ म्हणजे आडवा हो, ‘श्टे’ म्हणजे उभा राहा. कुत्र्यानं जागच्या जागी ती स्थिती घ्यायची आणि तुम्ही चालत राहायचं. वेग कमी करायचा नाही, मागे बघायचं नाही, खांदा वळवायचा नाही. सोबत चाललेल्या प्राण्यानं एका शब्दावर सोबत सोडून थांबायचं, हे त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. म्हणूनच त्यात शिक्षकाची खरी परीक्षा होते.

याचा उगम जर्मनीतलाच. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी जर्मन शेफर्डची संघटना उभारली. मेंढ्यांमागचं काम कमी होत चाललं, तेव्हा या जातीचा कस टिकावा म्हणून ‘शुट्झहुंड’ परीक्षा आली. १९१० मध्ये पोलिसातल्या कोनराड मोस्ट यांचं प्रशिक्षणावरचं पुस्तक निघालं आणि पुढची कित्येक दशकं त्याच वळणावर गेली. ‘प्लाट्स’ म्हणजे पट्टा बुटाखाली दाबून मान खाली ओढणं. ‘झिट्स’ म्हणजे वर हिसका. ‘श्टे’साठी पोटाखालून दोरी. या वर्षांत माझं मन रमत नाही. तेच हिसके पिढ्यान्‌पिढ्या नव्या हातांत जात राहिले, एवढाच त्यांचा इतिहास.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे २००१ साली तिकडे गेले. भाषा येत नव्हती, घरात करमत नव्हतं. आस्टा नावाचं शेफर्डचं पिल्लू आणलं आणि शेजारणीनं मैदानाची वाट दाखवली. तिथे दोन तट होते. एका तटाचे म्होरके काट्यांचा पट्टा वापरत आणि नवख्यांना बजावत, की खाऊ देऊन शिकवलेला कुत्रा परीक्षेच्या दिवशी दगा देतो. त्यांचे कुत्रे बसत, पण कान मागे पाडून, मालकाकडे न बघता. आज वीस वर्षांनी स्पष्ट लिहिते: त्या माणसांचं चुकत होतं. त्यांच्या कुत्र्यांना शब्द समजला नव्हता, हिसका कधी येतो एवढं समजलं होतं.

दुसऱ्या तटावर एकटेच होते आमचे म्हातारे प्रशिक्षक. ते ‘चालताना’ हा शब्दच कित्येक महिने काढू देत नसत. आधी जागेवर तीन स्थिती आणि त्यांमधले सहाही बदल: बसल्याचं आडवं, आडव्याचं उभं, उभ्याचं बसणं आणि त्यांचे उलट. प्रत्येक स्थितीत शरीर कसं हलतं, ते हाताखाली दाखवत. बसताना पुढचे पाय रोवलेले हवेत, मागचे आत ओढले जायला हवेत. आडवं होताना कुत्रा आधी बसून मग पसरला तर ते उपयोगाचं नाही. पुढची आणि मागची बाजू एकदम दुमडायला हवी. म्हणून घास नाकासमोर न धरता पुढच्या पायांमध्ये, छातीकडे न्यायचा. उभं राहताना पुढचे पाय हलायचे नाहीत, मागचे उडी मारून मागे जायला हवेत. या सगळ्याचं कारण एकच: चालत्या कुत्र्याचा पुढे जाणारा वेग जिरवायचा असतो. म्हणून बक्षिसाचा चेंडूही नेहमी कुत्र्याच्या मागे पडायचा. पुढे टाकला, की कुत्रा उद्या पाऊलभर सरकून बसणार.

२००३ च्या नोव्हेंबरात मी फुशारकीनं त्यांना आस्टाचं चालताना बसणं दाखवलं. झिमझिम चालू होती. त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? “पाऊस,” मी म्हणाले. “आता दहाव्या पावलावर हाच शब्द उच्चार, त्याच आवाजात.” मी उच्चारला. आस्टा टुणकन बसली.

तिला माझा शब्द ठाऊकच नव्हता. बोलण्याआधी माझा डावा खांदा किंचित मागे जात होता, पाऊल आखूड पडत होतं. ती ते वाचत होती. घरी नवऱ्यानं कॅमेरा धरला, तेव्हा माझ्याही डोळ्यांना ते दिसलं.

मग दोन हिवाळे पहिल्यापासून शिकणं. आधी शब्द, मग पूर्ण एक सेकंद शांतता, मगच गरज पडली तर हाताची मदत. दोन्ही एकदम आले, की कुत्रा हात बघतो आणि शब्द सोडून देतो. आधी मी तिच्याकडे तोंड करून उलटी चालले, मग बाजूनं. परीक्षेत क्रम ठरलेला असे, बसणं, आडवं होणं, उभं राहणं; कुत्रा क्रम पाठ करी. म्हणून आम्ही चिठ्ठ्या उचलत असू. आणि एका आज्ञेमागे चार फेऱ्या नुसत्या चालायच्या, नाहीतर आज्ञेच्या धास्तीनं कुत्र्याची चाल मंदावते.

त्याच काळात, २००४ मध्ये, ‘शुट्झहुंड’ परीक्षेचं नाव बदललं; पुढे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. नावांचं मला दुःख नाही. पण २०१२ ला सर्वोच्च पातळीवरून चालताना उभं राहणं वगळलं, ते लागलं. पाचच गुणांची परीक्षा होती ती, पण संथ चालीत शब्दाखेरीज कुत्र्याला काही आधार नसे. विजेच्या पट्ट्याचा वापर जर्मनीतल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २००६ मध्ये बेकायदा ठरवला. काट्यांचा पट्टा २०२२ पासून प्रशिक्षणात वर्ज्य झाला. हे बदल न्याय्य होते आणि उशिरा आले.

माझी आजची तक्रार मात्र वेगळी आहे. हिसका गेला, त्याच्या जागी समज यायला हवी होती. आली घाई. तेव्हा कुत्रा हिसक्याकडे बघत होता, आज बिस्किटाकडे बघतो. शब्द दोन्हीकडे पोरकाच. रस्त्याकडे धावत सुटलेल्या कुत्र्याला थांबवायची वेळ आली, तर हातातलं बिस्कीट त्याला दिसणार नाही, फक्त शब्द ऐकू जाईल.

आस्टा २०१३ मध्ये गेली. प्रशिक्षकही नाहीत आणि आता ते मैदानही नाही. म्हणून त्यांची कसोटी इथे लिहून ठेवते. उद्या सकाळी कुत्र्याला घेऊन चाला आणि दहाव्या पावलावर, नेहमीच्या आवाजात ‘पाऊस’ म्हणा. तो चालत राहिला, तर तुम्ही त्याला शब्द शिकवला आहे. बसला, तर त्याला रागावू नका. त्यानं तुम्ही शिकवलं तेच केलं. हात खिशात घाला आणि पहिल्यापासून सुरुवात करा.