गरजवंतांचे निकष – भाग ९ : पंधरा वर्षं कुणाची?

गेला भाग वार्षिक उत्पन्नाच्या २१ हजारांच्या मर्यादेपाशी थांबला होता आणि या आठवड्यात उत्पन्नाच्या दाखल्याची चिरफाड करायची, असं ठरलं होतं. ती पुढच्या भागावर ढकलावी लागते आहे. कारण ठरलं मराठवाड्यातल्या एका निवृत्त ग्रामसेवकांचं पत्र. ते विचारतात : कर्नाटकात माहेर असलेली एक मुलगी लग्न होऊन सीमेलगतच्या आपल्या गावात आली. सात वर्षांत नवरा वारला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी महाराष्ट्रातला किमान पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. ही पंधरा वर्षं कुणाची मोजायची, तिची की तिच्या नवऱ्याची?

प्रश्न कागदोपत्री वाटतो, पण तो इंग्लंडच्या न्यायाधीशांनी शेकडो वेळा चघळला आहे.

आधी आपल्या दारातलं. निराधार योजना १९८० सालची. आज तिच्यात बहुतेकांना महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. गावाकडे त्याला सरळ ‘पगार’ म्हणतात. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशी यादी असते आणि प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी. कुणाला मृत्यूचा दाखला, कुणाला सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र. रहिवासाच्या दाखल्यातून मात्र कुणाचीच सुटका नाही. शेजारी गोव्यातही तेच : दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला पंधरा वर्षांचा रहिवास, गृह आधारलाही पंधरा. दिल्लीच्या वृद्धापकाळ पेन्शनला पाच पुरतात. ज्या म्हाताऱ्याला दिल्लीत पाच वर्षांत ‘दिल्लीकर’ मानतात, त्याला पणजीत आणखी दहा वर्षं थांबावं लागेल. भूक तीच, मोजपट्टी वेगळी.

ही रहिवासाची अट आली कुठून? ज्याच्या तिजोरीतून पैसा जातो तो विचारणारच, की हा माणूस आमचा का? आणि तिजोरी जितकी लहान, तितका तो प्रश्न टोकदार होतो. इंग्लंडमध्ये ती तिजोरी गावाएवढी लहान होती. एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या गरीब कायद्यानं प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर, आपल्या गरिबांना पोसायची जबाबदारी टाकली. त्यासाठी गावातल्या घरा-जमिनीवर पट्टी बसवली आणि ती गोळा करून वाटायला ओव्हरसीअर नेमले. इंग्लंड-वेल्स मिळून अशा सुमारे पंधरा हजार पॅरिश. म्हणजे पंधरा हजार तिजोऱ्या आणि प्रत्येकीवर नजर ठेवून बसलेले करदाते.

१६६२ मध्ये त्यांनी आपल्या सोयीचा कायदा मिळवला. वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या जागेत कुणी परका येऊन राहिला, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करायची. दोन न्यायाधीशांनी सही केली की त्याला त्याच्या मूळ पॅरिशला परत धाडायचं. त्यानं मदत मागितलेली असायची गरज नव्हती. उद्या मागेल, एवढी शंका पुरे. चाळीस दिवस निभावले तर मात्र तो गावचा झाला. साहजिकच लोक चाळीस दिवस लपून राहू लागले. मग १६८५ मध्ये नियम आला की, दिवस मोजायचे ते लेखी वर्दी दिल्यापासून. तेही कमी पडलं, तेव्हा ती वर्दी रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवायची ठरली. आपण इथे राहायला आलो आहोत आणि पुढेमागे गावाला भार होऊ शकतो, हे भर प्रार्थनेत जाहीर करणं भाग पडलं, तेव्हा त्या वाटेनं गावचं होणारे जवळपास संपलेच.

दुसरी वाट होती नोकरीची. अविवाहित माणसानं एका मालकाकडे सलग वर्षभर चाकरी केली की त्या पॅरिशचा हक्क मिळे. त्यावर मालकांनी तोडगा काढला : गडी ठेवायचा एक्कावन्न आठवड्यांच्या बोलीवर. कामगाराचे २४० दिवस भरू नयेत म्हणून मध्येच ‘ब्रेक’ देणारे आपल्याकडचे ठेकेदार पाहिले, की ती युक्ती कुठल्या एका देशाची नाही हे कळतं.

मदत मागायला आलेल्याची तपासणी कशी होई, त्याचे कागद इंग्लंडच्या दप्तरखान्यांत आजही गठ्ठ्यांनी आहेत. न्यायाधीशांपुढे उभं करून विचारत : जन्म कुठला? बाप कुठल्या पॅरिशचा? पहिली चाकरी कुणाकडे, किती दिवसांची, वर्षाला पगार किती? लग्न कुठे लागलं? आज किती जेवलास, हा प्रश्न त्या तपासणीत नसे. उत्तरांच्या शेवटी सही, नाहीतर फुली. त्यावरून गावाचं नाव ठरे. ते दुसऱ्या गावाला मान्य नसलं तर दोन पॅरिश कोर्टात जात आणि वकिलावर तो खर्च होई ज्यात त्या माणसाचं वर्ष सहज निघालं असतं. ॲडम स्मिथनं १७७६ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीवर कोरडे ओढले, ते मजुराला काम असेल तिथे जाता येत नाही म्हणून. नुसत्या शंकेवरून हाकलणं १७९५ मध्ये बंद झालं. प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरलं. सगळा गरीब कायदा रद्द व्हायला मात्र १९४८ उजाडावं लागलं.

आता ग्रामसेवकांचा प्रश्न. इंग्लंडमध्ये त्याचं उत्तर ठरलेलं होतं : लग्न झालं की बायकोची पॅरिश नवऱ्याची. तो मेल्यावरही तीच. म्हणजे विधवा झालेली बाई दहा वर्षं ज्या गावात राबली, तिथून तिला तिनं कधी न पाहिलेल्या गावी, पोरांसकट, गाडीत घालून पाठवता येई. का, तर नवऱ्यानं तरुणपणी तिथे वर्षभर चाकरी केली होती.

हे कायदे जहाजातून अमेरिकेत गेले. तिथे गावाच्या जागी काउंटी आली, पण ‘तुम्ही कुठले?’ कायम राहिलं. १९३० च्या दशकातल्या मंदीत आणि धुळीच्या वादळांत ओक्लाहोमा-टेक्सासकडून माणसं कॅलिफोर्नियाला लोटली, तेव्हा १९३६ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलीसप्रमुखानं आपले शिपाई थेट राज्याच्या सीमेवर उभे केले. आणि निर्धन माणसाला बाहेरून राज्यात आणणं हा गुन्हा आहे, असं कॅलिफोर्नियाचा कायदाच सांगत होता.

त्या गुन्ह्यात सापडला फ्रेड एडवर्ड्स. मेरीसव्हिल गावात राहणारा हा माणूस १९३९ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या स्पर गावी मेहुण्याला आणायला गेला. मेहुण्याचं नाव फ्रँक डंकन. निघताना डंकनच्या खिशात वीसेक डॉलर होते. जुन्या गाडीतून १ जानेवारीला निघाले, ५ तारखेला मेरीसव्हिलला पोहोचले, तेव्हा खिसा रिकामा झाला होता. पुढे दहाएक दिवसांनी डंकनला सरकारी मदत मिळाली आणि एडवर्ड्सला सहा महिन्यांची शिक्षा, तीही स्थगित. नातलगाला घरी आणल्याबद्दल! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ नोव्हेंबर १९४१ रोजी एकमतानं निकाल लागला : राज्याला आपली दारं गरिबांपुरती बंद करता येणार नाहीत.

दार उघडलं, पण आत आल्यावर पैसे कधी? बहुतेक राज्यांनी मग एक वर्ष थांबायची अट लावली. १९६६ मध्ये विवियन थॉम्पसन ही एकोणीस वर्षांची मुलगी, एक मूल आणि पोटात दुसरं, मॅसॅच्युसेट्समधून कनेटिकटला आली. वर्ष पूर्ण नाही म्हणून तिथे मदत नाकारली. १९६९ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयानं ती अट मोडीत काढली. राज्यं म्हणत होती की, जास्त मदतीच्या लोभानं गरीब आमच्याकडे येतील. न्यायालयाचं म्हणणं पडलं की, गरिबाला राज्यात येण्यापासून परावृत्त करणं हा हेतूच घटनेत बसत नाही. आणि शाळा चांगली म्हणून आई दुसऱ्या राज्यात येऊ शकते, तर मदत बरी म्हणून का नाही?

तरी ‘रहिवासी’ असण्याची अट राहिलीच. गेली ती फक्त वर्षभर ताटकळण्याची. कॅलिफोर्नियात ज्यांना दुसरा कसलाच आधार नाही, अशा गरिबांना काउंटीनं सांभाळायचं असतं, पण ते काउंटीचे कायदेशीर रहिवासी हवेत. मग फुटपाथवर झोपणाऱ्यानं पत्ता काय द्यायचा? सॅन डिएगो काउंटी म्हणाली, पत्ता नाही तर मदत नाही. १९८७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं हे फेटाळलं. माणूस काउंटीत राहतो एवढं पुरेसं आहे. छप्पर नाही म्हणून तो कुठलाच नाही, असं होत नाही.

आपल्याकडे हा रस्ता न्यायालयांनी वेगळा वळवला. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेत. त्याविरुद्धच्या डी. पी. जोशी खटल्यात १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, राज्यघटनेचं पंधरावं कलम जन्मस्थानावरून भेद करायला मनाई करतं. रहिवास ही निराळी गोष्ट. फीच्या भांडणातला हा फरक मदतीच्या योजनांनाही सोयीचा ठरला. तुमचा जन्म कुठला हे विचारायचं नाही; इथे किती वर्षं काढली, हे विचारता येतं.

पण वर्षं काढल्याचा पुरावा कुणाकडे असतो? ज्याच्या नावावर सातबारा आहे, घरपट्टीची पावती आहे, मुलं एकाच शाळेत शिकली आहेत, त्याच्याकडे. याउलट बीडचा ऊसतोड कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. निराधार योजनेत आधीच बसलेल्यांनाही दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणजे नेमका ऐन हंगामात. टोळीबरोबर स्वयंपाकाला आणि नातवंडं सांभाळायला गेलेली म्हातारी जिवंत असते, पण फडावर असते.

पंधरा वर्षांची अट सैल करता येते, हे सरकारनं एकदा दाखवून दिलं आहे. जून २०२४ च्या अखेरीस लाडकी बहीण योजना आली, तेव्हा अधिवास प्रमाणपत्र सक्तीचं होतं. सेतू केंद्रांवर रांगा लागल्या. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सुधारणा निघाली : प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल. परराज्यात जन्मलेल्या बाईनं महाराष्ट्रातल्या अधिवासी पुरुषाशी लग्न केलं असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य. ज्या नियमानं इंग्लंडमधल्या विधवेला गावाबाहेर काढलं, तोच इथे बाईला आत घ्यायला वापरला.

तेव्हा ग्रामसेवकांना उत्तर असं : लाडकी बहीणमध्ये नवऱ्याची वर्षं तिच्या उपयोगी पडतात, कारण तसं लिहून दिलं आहे. निराधारच्या अटीत मात्र ‘अर्जदार’ पंधरा वर्षांचा रहिवासी हवा, आणि अर्जदार ती आहे. तिनं नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत विवाह नोंदणी, त्याचा शाळेचा दाखला आणि दोघांची नावं असलेलं जुनं रेशनकार्ड जोडावं, आणि तोंडी नकार आला तर तो घेऊ नये; अर्ज दाखल करून पोच घ्यावी, त्रुटी लेखी मागावी. तालुक्याच्या समितीपुढे कागद गेला तरच त्याच्यावर निर्णय होतो. तहसीलदार त्या समितीचे सदस्य सचिव असतात, त्यामुळे पत्र त्यांच्याच नावे द्यावं.

पुढच्या भागात नक्की २१ हजार. वर्षाला २१ हजार म्हणजे कुटुंबाला महिन्याला १,७५० रुपये, आणि पगार १,५००. या दोन आकड्यांमधल्या अडीचशे रुपयांत घर कसं बसवायचं, आणि तलाठी तो आकडा दाखल्यावर लिहितो कसा, तिथून सुरुवात करू.