हजाराचा बोनस, तीस हजारांची अट

‘हजार भरा, वर हजार आमच्याकडून.’ ऑनलाइन कॅसिनोची ही जाहिरात अगदीच खोटी नसते. हजार भरले की खात्यावर खरंच दोन हजारांचा आकडा झळकतो. फक्त त्यातले बोनसचे हजार काढता येत नाहीत. ते काढण्याआधी ठरावीक पटीत डाव लावावे लागतात. या अटीला वेजरिंग म्हणतात, खेळणाऱ्यांच्या तोंडी रोलओव्हर. अट पाळून शेवटी हाती काही उरतं का, याबद्दल जे समज फिरतात ते बहुतेक अर्धवट हिशेबावर उभे आहेत. पूर्ण हिशेबही शाळेतल्या शेकडेवारीपलीकडे जात नाही.

‘तीस पट अट असली तरी आपले हजारच तर जाणार आहेत’

हजाराच्या बोनसवर तीस पट अट म्हणजे एकूण तीस हजारांचे डाव. पन्नास रुपयांचा एक डाव धरला तर सहाशे वेळा बटण दाबायचं. तीस हजार खिशातून काढावे लागत नाहीत हे खरं. तेच ते दोन हजार पुन्हा पुन्हा फिरतात. पण ते फिरत असताना दर फेरीला कॅसिनोचा वाटा कापला जात असतो. स्लॉटच्या माहितीत ‘आरटीपी ९६ टक्के’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की लाखो फेऱ्यांच्या सरासरीत लावलेल्या दर शंभरातले चार रुपये कॅसिनोकडे राहतात. युरोपियन रूलेच्या चाकावर ३७ घरं असतात आणि पैसे ३६ घरं असल्याच्या हिशेबानं मिळतात, म्हणून तिथं हा वाटा २.७ टक्के. अमेरिकी चाकावर शून्याचं आणखी एक घर, म्हणून ५.२६ टक्के.

आता तीस हजारांवर चार टक्के काढा: बाराशे. बोनस हजाराचा होता.

अटीची पट आणि कॅसिनोचा टक्का यांचा गुणाकार शंभर झाला, की सरासरीत बोनस संपला. चार टक्क्यांच्या स्लॉटवर पंचविसाव्या पटीला तो संपतो, रूलेवर सदतिसाव्या पटीच्या आसपास. ‘पट’ कशाची, हेही बघायला हवं. काही ठिकाणी ती फक्त बोनसवर मोजतात, तर काही ठिकाणी भरलेली रक्कम आणि बोनस मिळून. दुसऱ्या पद्धतीत वरच्याच ऑफरला साठ हजारांचे डाव लागतात आणि सरासरी तूट चोवीसशेवर जाते. जाहिरातीत आकडा मात्र दोन्हीकडे तीसच.

‘मग सरासरीनं चोवीसशे जातात, असंच ना?’

इथं हिशेब जरा वळण घेतो. खात्यात दोनच हजार आहेत, चोवीसशे जाणार कुठून? प्रत्यक्षात अनेकांचं खातं साठ हजारांच्या बरंच अलीकडे शून्यावर येतं. उरलेले डाव लागतच नाहीत, म्हणून त्यांवरची तूटही होत नाही. थोड्यांना मध्येच मोठा हात लागतो आणि ते अट पार करतात. म्हणजे ज्याला पटकन मोठे डाव लावून ‘एक तर सगळं, नाही तर काहीच नाही’ असं खेळता येईल, त्याच्यासाठी बोनसचं गणित वाटतं तितकं वाईट नाही.

हे कॅसिनोवाल्यांना आपल्याआधी ठाऊक असतं. बोनस चालू असताना एका डावाला कमाल मर्यादा असते ती याचसाठी. ब्रिटिश साइट्सवर पाच पौंडांची मर्यादा सर्रास दिसते. ती एकदा जरी ओलांडली, तरी अटींनुसार जिंकलेली रक्कम रद्द होऊ शकते. शिवाय काही न भरता मिळालेल्या बोनसवर किंवा फ्री स्पिनवर किती रक्कम काढता येईल यालाही मर्यादा असते: कितीही जिंका, अमुक एवढेच मिळतील. मुदतही असते, बहुधा काही दिवसांची. ही कलमं सुटी वाचली तर किरकोळ वाटतात. पण खेळणाऱ्याच्या बाजूनं गणित झुकण्याची जी एकमेव वाट होती, ती त्यांनी मिळून बुजवलेली असते. असल्या ऑफरची मोठ्या अक्षरांतली ओळ मी वाचतच नाही. डावाची मर्यादा, काढण्याची मर्यादा आणि मुदत, एवढ्यावरून ऑफर कळते.

‘ब्लॅकजॅक खेळून अट पूर्ण करू, तिथं तूट कमी’

नीट खेळलं तर ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असू शकतो, हे बरोबर. पण अटीत ब्लॅकजॅकचा डाव अनेकदा दहा टक्केच धरतात, काही ठिकाणी अजिबात धरत नाहीत. दहा टक्के धरला तर तीस हजारांची अट तीन लाखांची होते. तीन लाखांवर अर्धा टक्का म्हणजे पंधराशे, स्लॉटपेक्षाही जास्त.

‘फ्री बेट म्हणजे तेवढे पैसेच’

पाचशेची फ्री बेट जिंकली तर सहसा फक्त नफा मिळतो, लावलेले पाचशे परत मिळत नाहीत. दुपटीच्या भावाला ती लावली तर तिची किंमत साधारण अडीचशे. पाच पटीच्या भावाला लावली तर चारशेच्या जवळ, पण तिथं जिंकण्याची शक्यताच कमी. त्यातून बुकीचा वाटा वजा करायचा तो वेगळाच. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर प्रवेशाच्या पॅकेजमध्ये काही चिप मिळतात, त्यांतही ही गंमत आहे. ‘वन टाइम प्ले’ची चिप काउंटरवर वटत नाही, ती टेबलावर लावावीच लागते. जिंकल्यावर ती चिप परत मिळणार नसेल, तर रूलेच्या लाल-काळ्यावर लावलेल्या हजाराच्या चिपची सरासरी किंमत पाचशेच्याही किंचित खालीच.

‘अट जाचक वाटली तर सोडून देऊ’

कागदावर सोपं आहे. ॲपमध्ये मात्र एक पट्टी असते: ‘४२ टक्के पूर्ण’. पैसे काढायला गेलं की सूचना येते, आत्ता काढलेत तर बोनस आणि त्यावर जिंकलेलं सगळं रद्द होईल. एवढं खेळून आता सोडायचं? माणूस परत खेळायला बसतो. हा स्वभाव ओळखूनच ती पट्टी तिथं ठेवलेली असते. काढायला टाकलेली रक्कम वाट पाहता पाहता परत खेळात घेण्याची सोयही पूर्वी सर्रास मिळायची. ब्रिटनमध्ये ऑनलाइन स्लॉटवाल्यांना २०२१पासून ती देता येत नाही.

‘कायदेशीर असलं की अटी वाजवीच असणार’

कायदा होता तरी अटी वाजवी नव्हत्या, त्या करायला वेळ लागला. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणानं चौकशी करून २०१८ मध्ये काही बड्या कंपन्यांकडून हमी घेतली, की ग्राहकाचे स्वतःचे पैसे बोनसच्या अटीत अडकवले जाणार नाहीत. वेजरिंगच्या पटीवर लगाम मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. तिथल्या गॅम्बलिंग कमिशननं मार्च २०२५ मध्ये दहा पटीची कमाल मर्यादा जाहीर केली आणि जानेवारी २०२६पासून ती लागू झाली. लंडन-मँचेस्टरकडच्या आपल्या मंडळींनी हिशेब आता नव्यानं मांडायला हरकत नाही. हजार पौंडांच्या बोनसवर दहा पट, चार टक्के तूट, म्हणजे सरासरीत चारशे जातात आणि सहाशे उरतात. तेही गेम ९६ टक्क्यांचा असेल तर. ९० टक्क्यांच्या गेमवर दहा पटच सगळा बोनस खाते.

स्वीडनमध्ये बोनस पहिल्याच वेळी देता येतो, पुन्हा नाही. ऑस्ट्रेलियात ऑनलाइन सट्ट्याच्या कंपन्यांना खातं उघडण्यासाठी आमिष दाखवायला २०१९पासून मनाई आहे. बोनस इतका निरुपद्रवी असता, तर या देशांनी एवढी उठाठेव केली नसती.

‘परदेशी लायसन्स आहे, म्हणजे भारतातही चालतं’

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, पुरवण्यावर, त्यांच्या जाहिरातीवर आणि त्यांचे पैसे फिरवण्यावर त्यानं बंदी घातली. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. रमी आणि फँटसीच्या नावाजलेल्या ॲप्सनी पैशांचे खेळ लगेच थांबवले. साइटच्या तळाशी कुरासावच्या परवान्याचं चित्र असलं, तरी इथं त्यानं काहीही कायदेशीर होत नाही.

उरला तो व्हॉट्सॲपवर सट्ट्याच्या खात्याचा ‘आयडी’ देणाऱ्यांचा धंदा, आणि बोनसची सगळ्यात मोठी आमिषं आता तिथंच दिसतात. वरचं सगळं गणित या ठिकाणी गैरलागू आहे, कारण अट कुठं लिहिलेलीच नसते; पैसे काढायला गेल्यावर ती सांगितली जाते. दाद मागायची तर १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ३० आडवं येतं: पैजेचा करार निरर्थक, जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. पैसे भरायला दर वेळी वेगळ्याच माणसाचं बचत खातं किंवा यूपीआय आयडी येतो. अशी खाती अनेकदा सायबर फसवणुकीच्या पैशांसाठीही वापरली जातात. तिथून ‘जिंकलेले’ दोन हजार आपल्या खात्यात आले आणि त्या साखळीतल्या कुणी तक्रार केली, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक आपलंही खातं गोठवू शकते. मग परराज्यातल्या कुठल्या तरी सायबर ठाण्याशी पत्रव्यवहार सुरू होतो, आणि तोवर पगार त्याच खात्यात अडकलेला असतो.