तेल तुटलं की...

मैत्रिणींनो, रात्री पिकाची राखण करायची तर आपण म्हणतो, डोळ्यांत तेल घालून बस. जपानी बोलीतही तेलच आहे बरं! गाफीलपणाला ते 'युदान' म्हणतात. लिहिताना अक्षरं दोन: तेल आणि तोडणं. 'युदान ताइतेकी' म्हणजे गाफीलपणा हा मोठा वैरी.

हे तेल आलं कुठून? बौद्ध ग्रंथातली एक गोष्ट सांगतात. राजानं एकाला तेलानं काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन गर्दीतून चालायला लावलं. मागे उपसलेली तलवार. थेंब सांडला, की मान गेली! त्यानं ना इकडे पाहिलं, ना तिकडे. थेंबही सांडला नाही. ही गोष्ट गेली आपल्याकडूनच. पाली ग्रंथांतही ती सापडते.

काही जण मात्र क्योतोजवळच्या हिएई डोंगरावरच्या एन्र्याकुजी मठाचं नाव घेतात. तिथं भिक्षू अखंड दिव्यात रोज तेल घालतात. आम्हाला हा दिवाच जवळचा वाटतो. नवरात्रात जिनं नऊ रात्री दिवा राखला, तिला विचारा.